डग्लस निकोल्स यांच्या फुटबॉल कारकिर्दीचा प्रारंभकाळ : व्यावसायिक खेळ, वर्णभेद आणि उपजीविका

प्रस्तावना

ऑस्ट्रेलिया म्हटले की भारतीय वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम क्रिकेट उभे राहते. परंतु त्या देशाच्या दक्षिण भागात, विशेषतः व्हिक्टोरिया राज्यात, सामान्य माणसाच्या जीवनाशी अधिक घट्टपणे जोडलेला खेळ क्रिकेट नसून 'ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल' हा आहे. या खेळाच्या इतिहासात सर डग्लस निकोल्स (१९०६–१९८८) यांचे नाव आदराने घेतले जाते. १९७२ मध्ये 'सर' हा किताब मिळविणारे ते पहिले ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी समाजातील, गृहस्थ होत. डिसेंबर १९७६ ते एप्रिल १९७७ या काळात ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल होते. २०१६ पासून तेथील राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेतील आदिवासी खेळाडूंच्या सन्मानार्थ होणारी फेरी त्यांच्या नावाने ओळखली जाते.

राज्यपाल, धर्मोपदेशक व आदिवासींचे पुढारी म्हणून निकोल्स यांच्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्यांच्या खेळाडू म्हणून असलेल्या आयुष्याची हकिकत मात्र बहुधा दोन वाक्यांत आटोपली जाते : कार्लटन क्लबने त्यांना वर्णावरून नाकारले आणि पुढे फिट्झरॉय क्लबने स्वीकारले. या दोन वाक्यांच्या मध्ये पाच वर्षांचे अंतर आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. १९२७ ते १९३१ ही पाच वर्षे निकोल्स नॉर्थकोट नावाच्या तुलनेने दुय्यम दर्जाच्या क्लबकडून खेळले, शर्यती धावले आणि तंबूतील मुष्टियुद्धातही उतरले. त्यांची कारकीर्द घडली ती या काळात. प्रस्तुत लेखात याच प्रारंभकाळाचा परामर्श घेतला असून, मैदानावर मिळालेला प्रवेश आणि समाजात मिळणारा प्रवेश या दोन गोष्टी एकमेकींपासून किती दूर होत्या याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

खेळ आणि त्याची व्यवस्था

या खेळाचे पहिले नियम १८५९ मध्ये मेलबर्न येथे लिहिले गेले. लंबवर्तुळाकार मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब असे त्याचे स्वरूप आहे. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक गुण. चेंडू हाताने फेकता येत नाही; तो एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसावा लागतो. 'ऑफसाइड'चा नियम नसल्यामुळे खेळ सगळ्या मैदानभर पसरतो व उंच, धिप्पाड खेळाडूंबरोबरच अत्यंत चपळ खेळाडूंनाही त्यात स्थान मिळते. मैदानाच्या मध्यभागाच्या दोन्ही कडांना खेळणाऱ्यास 'विंगमन' म्हणतात. चेंडू घेऊन धावणे आणि पुढच्या फळीपर्यंत तो पोहोचविणे हे त्याचे मुख्य काम. निकोल्स यांची उंची अवघी पाच फूट दोन इंच, म्हणजे सुमारे १५७ सेंटीमीटर होती. विंगवरची जागा जणू त्यांच्यासाठीच होती.

व्हिक्टोरियात त्या काळी या खेळाच्या दोन मोठ्या संघटना होत्या. १८७७ मध्ये स्थापन झालेली 'व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन' ही जुनी संस्था. तिच्यातून आठ प्रबळ क्लब बाहेर पडले आणि १८९७ पासून 'व्हिक्टोरियन फुटबॉल लीग' ही वेगळी स्पर्धा सुरू झाली. १९२५ मध्ये असोसिएशनचे आणखी तीन क्लब लीगमध्ये गेले व लीगमधील क्लबांची संख्या बारा झाली. प्रतिष्ठा, प्रेक्षक व पैसा लीगकडे होता. असोसिएशनकडे जुनेपणाचा मान आणि उपनगरांतील कामगारवर्गाची निष्ठा होती. १९९० मध्ये लीगचे नाव बदलून 'ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग' असे झाले व आजची राष्ट्रीय स्पर्धा ती हीच.

'व्यावसायिक खेळाडू' हा शब्द आज ज्या अर्थाने वापरला जातो, तो अर्थ त्या काळास लावता येत नाही. लीगमध्ये खेळाडूस उघडपणे मोबदला देण्यास १९११ मध्ये मान्यता मिळाली, तरी सामने बहुतांशी शनिवारी दुपारी होत आणि उरलेले दिवस खेळाडू कारखान्यात, दुकानात किंवा नगरपालिकेच्या कामावर असे. चांगल्या खेळाडूस आणताना क्लब त्याला मोबदल्याबरोबर नोकरीचेही आमिष दाखवीत असत. १९३० मध्ये लीगने 'कोल्टर लॉ' नावाचा नियम करून एका सामन्याचा मोबदला जास्तीत जास्त तीन पौंड ठरविला व खेळाडूस क्लबमध्ये ओढण्यासाठी एकरकमी पैसे देण्यास बंदी केली. महामंदीच्या काळातील हा नियम कागदावर कडक असला, तरी त्याला बगल देण्याचे मार्ग क्लबांना ठाऊक होते.

कमेरागंजा

निकोल्स यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी कमेरागंजा या आदिवासी वसाहतीत झाला. मेलबर्नच्या उत्तरेस सुमारे दोनशे किलोमीटरवर मरे नदी वाहते. ती न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरिया या दोन राज्यांची सीमा आहे. नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे न्यू साउथ वेल्सच्या बाजूला, योर्टा योर्टा लोकांची ही वस्ती १८८८ मध्ये उभी राहिली. जवळच्या मलोगा मिशनमधील कंटाळलेली कुटुंबे तेथून उठून येथे आली होती. काही कुटुंबांना कसण्यासाठी जमिनीचे तुकडेही मिळाले होते. परंतु १९०७ मध्ये शासकीय मंडळाने ते परत घेतले. निकोल्स तेव्हा एक वर्षाचेही नव्हते. स्वतःची शेती कसण्याची शक्यता संपल्यावर या वस्तीतील तरुणांसमोर मेंढपाळांच्या मोठ्या केंद्रांवरील हंगामी मजुरी हाच मार्ग उरला, आणि पुढे त्यांच्यातील कित्येकांना पायांतील वेग हेच भांडवल का वाटले, याचा उलगडा या एका निर्णयात बराचसा सापडतो.

१९०९ च्या कायद्याने न्यू साउथ वेल्समधील आदिवासी वसाहतींवर 'संरक्षण मंडळा'चा अंमल बसला. १९१५ च्या दुरुस्तीने या मंडळाला न्यायालयात न जाता मुले ताब्यात घेण्याचा अधिकार मिळाला. 'संरक्षण' हा शब्द येथे कोणत्या अर्थाने वापरला गेला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. निकोल्स आठ वर्षांचे असताना पोलीस त्यांच्या सोळा वर्षांच्या बहिणीला घेऊन गेले. तिला कूटामंड्रा येथील मुलींच्या गृहात ठेवण्यात आले. गोऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून काम करण्याचे शिक्षण तेथे आदिवासी मुलींना दिले जाई.

कमेरागंजाच्या शाळेची हकिकत भारतीय वाचकास विशेष औत्सुक्याची वाटेल. तेथील शिक्षक थॉमस शॅड्रॅक जेम्स हे मॉरिशसमध्ये जन्मलेले, भारतीय वंशाचे होते. १८८० च्या दशकात मलोगा मिशनच्या शाळेत अध्यापन सुरू करून पुढे कमेरागंजात १९२२ पर्यंत त्यांनी ते चालू ठेवले. योर्टा योर्टा समाजातील मुलीशी त्यांनी विवाह केला व ते त्याच समाजाचे झाले. त्यांची पत्नी ही आदिवासींचे पुढारी विल्यम कूपर यांची बहीण. अर्ज लिहिणे, सभेत बोलणे, आपले म्हणणे नेमक्या इंग्रजीत मांडणे या गोष्टी जेम्स यांच्या हाताखाली शिकलेल्या पिढीतून पुढे आदिवासींच्या हक्कांच्या चळवळीचे अनेक कार्यकर्ते निघाले. निकोल्स त्याच शाळेतले. त्यांचे शालेय शिक्षण मात्र तिसऱ्या इयत्तेपलीकडे गेले नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षीच ते मेंढ्यांच्या केंद्रावर 'टार बॉय' म्हणून कामास लागले. लोकर कातरताना मेंढीच्या अंगाला जखम झाली की त्यावर डांबर लावणारा पोऱ्या, असे त्या कामाचे स्वरूप.

फुटबॉल मात्र वस्तीतच होता. कमेरागंजाचा स्वतःचा संघ होता व आसपासच्या गोऱ्या गावांच्या संघांशी तो बरोबरीने खेळत असे. आठवडाभर ज्यांच्या शेतावर मजुरी करावयाची, त्यांच्याविरुद्ध शनिवारी समान नियमांखाली उतरावयाचे, ही त्या मैदानाची किमया होती. निकोल्स पुढे नदीच्या दक्षिणेकडील गोलबर्न खोऱ्यात टोंगाला गावाच्या संघाकडून खेळू लागले आणि तेथून त्यांचे लक्ष मेलबर्नकडे वळले.

कार्लटनचा नकार

१९२७ च्या हंगामापूर्वी वीस वर्षांचे निकोल्स लीगमधील कार्लटन या नामांकित क्लबकडे दाखल झाले. तेथे त्यांना संघात स्थान मिळाले नाही. त्यांच्या वर्णावरून सहखेळाडूंनी कुरकुर केली, त्यांच्या अंगाला वास येतो अशी तक्रार झाली आणि मालिश करणाऱ्याने त्यांच्या अंगाला हात लावण्याचे नाकारले, असे या प्रसंगाविषयी सांगितले जाते.

या प्रसंगाचा एक पैलू बारकाईने पाहण्यासारखा आहे. नकार मैदानावर मिळाला नाही. तो कपडे बदलण्याच्या खोलीत मिळाला. खेळाच्या लिखित नियमांत वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता. किंबहुना लीगच्या इतिहासात आदिवासी खेळाडू पूर्वी होऊनही गेला होता : जो जॉन्सन हे १९०४ ते १९०६ या काळात फिट्झरॉयकडून ५५ सामने खेळले व १९०४ आणि १९०५ अशा दोन्ही विजेत्या संघांत होते. म्हणजे अडथळा नियमाचा नव्हता, शरीराच्या सान्निध्याचा होता. एकाच बाकावर बसणे, एकाच न्हाणीत आंघोळ करणे, एकाच माणसाकडून अंग चोळून घेणे या गोष्टींवाचून कोणी संघाचा सदस्य होत नाही आणि नेमक्या याच गोष्टींवर कोणाचे नियंत्रण नव्हते. स्पर्शाचा विटाळ मानणाऱ्या समाजातून आलेल्या वाचकास ही परिस्थिती समजावून सांगावी लागणार नाही.

नॉर्थकोटची पाच वर्षे

कार्लटनहून निकोल्स नॉर्थकोटला गेले. नॉर्थकोट हे मेलबर्नच्या उत्तरेकडील विटांच्या कारखान्यांचे व कामगारवस्तीचे उपनगर. त्याचा क्लब १९०८ पासून असोसिएशनमध्ये होता, परंतु तोवर त्याला एकदाही विजेतेपद मिळाले नव्हते. लीगमधील श्रीमंत क्लबांनी चांगले खेळाडू नेल्यावर उरलेल्यांतून संघ उभा करणे हे असोसिएशनच्या क्लबांचे प्राक्तन होते. अशा क्लबला वेगवान विंगमनची गरज मालिशवाल्याच्या सोवळ्यापेक्षा मोठी वाटली असेल तर नवल नाही. हे औदार्य होते की निकड होती, असा प्रश्न विचारता येईल; परंतु उपनगरातील प्रेक्षकांनी या खेळाडूला आपले मानले व तो त्यांच्यात रुळला, ही बाब केवळ निकडीने स्पष्ट होत नाही.

१९२९ मध्ये नॉर्थकोटने असोसिएशनचे पहिले विजेतेपद पटकाविले. निकोल्स तेव्हा बावीस वर्षांचे होते व संघातील लोकप्रिय खेळाडूंत गणले जात होते. त्यांचा वेग, उसळी आणि दाटीतून निसटण्याचे कौशल्य यांची वर्तमानपत्रांत वाखाणणी होई. मात्र त्यांच्या वर्णाचा उल्लेख केल्यावाचून ती वाखाणणी क्वचितच पूर्ण होत असे. त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांना त्यांचा खेळ नेहमी एका 'जाती'चा गुण वाटे, सरावाचे फळ क्वचितच.

फुटबॉलचा हंगाम हिवाळ्याचा. उन्हाळ्यात काय करावयाचे हा सगळ्याच खेळाडूंपुढील प्रश्न होता. ज्यांच्या गाठीशी धंदा किंवा कारागिरी होती त्यांना तो फारसा भेडसावत नसे. निकोल्स यांच्यापाशी पाय होते. व्हिक्टोरियातील ग्रामीण भागात पैशासाठी धावण्याच्या शर्यतींची जुनी परंपरा आहे. या शर्यतींना 'गिफ्ट' म्हणतात व त्यांतील सर्वांत प्रसिद्ध स्टॉवेलची शर्यत १८७८ पासून चालत आली आहे. येथे सर्व धावपटू एकाच रेषेवरून निघत नाहीत. ज्याचा लौकिक मोठा त्याला मागे उभे करतात, इतरांना पुढून सुटण्याची सवलत मिळते. त्यामुळे निकाल अनिश्चित राहतो आणि पैजांना रंग चढतो. १९२९ च्या सुमारास निकोल्स यांनी नाया व वॉराकनबील या दोन गावांच्या 'गिफ्ट' शर्यती जिंकल्या. एखाद्या शर्यतीचे बक्षीस फुटबॉलच्या अनेक शनिवारांच्या मोबदल्यापेक्षा अधिक असू शकत असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या कारकिर्दीत धावण्याला केवळ जोडधंदा म्हणणे बरोबर ठरणार नाही.

यापेक्षा कठीण मार्ग मुष्टियुद्धाचा होता. जिमी शारमन यांचा मुष्टियोद्ध्यांचा ताफा ऑस्ट्रेलियातील गावोगावच्या कृषिप्रदर्शनांत व जत्रांत तंबू ठोकीत असे. तंबूबाहेरच्या फळीवर योद्धे ओळीने उभे राहत, ढोल वाजे आणि गर्दीतील कोणाही धट्ट्याकट्ट्या माणसाला आव्हान दिले जाई. या ताफ्यात आदिवासी तरुणांचा भरणा मोठा होता. महामंदीच्या सुरुवातीच्या वर्षांत निकोल्स या ताफ्याबरोबर हिंडले व लढले. १९३२ मध्ये ऑस्ट्रेलियातील कामगार संघटनांच्या सदस्यांपैकी जवळपास तीस टक्के लोक बेकार होते. या आकड्याच्या पार्श्वभूमीवर, विजेत्या संघातला खेळाडू तंबूत ठोसे खाण्यास का तयार झाला हे कळते. संघटनेचे सदस्यत्व तर दूरच, बहुतेक आदिवासी कामगारांची बेकारी या मोजणीत धरलीच गेली नव्हती.

फुटबॉल, शर्यत आणि तंबू या तिन्ही ठिकाणी प्रेक्षक पैसे देऊन येत होता व तिन्ही ठिकाणी तो एकाच शरीराकडे वेगवेगळ्या नजरेने पाहत होता. शर्यतीत तो त्यावर पैज लावी, तंबूत ते पडलेले पाहण्यासाठी येई आणि शनिवारी नॉर्थकोटच्या मैदानावर त्याच्याच नावाने आरोळ्या ठोकी. 'व्यावसायिक खेळाडू' या शब्दाचा त्या वर्षांतील निकोल्स यांच्यापुरता खरा अर्थ हा होता.

फिट्झरॉय

१९३२ मध्ये निकोल्स लीगमधील फिट्झरॉय क्लबमध्ये गेले. कार्लटनच्या नकारास तोवर पाच वर्षे झाली होती आणि ते पंचविशीत होते. विंगवर खेळणाऱ्याच्या आयुष्यातली ही उमेदीची वर्षे दुय्यम स्पर्धेत खर्च झालेली होती. नॉर्थकोटहून फिट्झरॉयचे मैदान अवघ्या काही किलोमीटरवर आहे.

येथे हेडन बंटन या खेळाडूचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. बंटन हे ऑल्बरी या सीमेवरील गावाचे. फिट्झरॉयने त्यांना आणण्यासाठी २२२ पौंड देऊ केल्याचे उघडकीस आले व 'कोल्टर लॉ' खाली लीगने त्यांना १९३० च्या हंगामात खेळू दिले नाही. १९३१ मध्ये ते मैदानात उतरले आणि पहिल्याच वर्षी लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचे 'ब्राउनलो' पदक त्यांनी मिळविले. १९३२ व १९३५ मध्ये ते पुन्हा त्यांनाच मिळाले. दोन तरुण, दोघेही मरे नदीच्या परिसरातून आलेले. एकाला आणण्यासाठी क्लबने नियम मोडला, तर दुसऱ्याला नियम आड येत नसतानाही दार उघडावयास पाच वर्षे लागली. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर आणखी काही लिहिण्याची गरज राहत नाही.

या दोघांविषयी सांगितली जाणारी हकिकत मात्र वेगळी आहे. फिट्झरॉयच्या खोलीत निकोल्स प्रथम कोपऱ्यात एकटे बसत. बंटन जाऊन त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांना संघात सामावून घेतले. लीगमधील सर्वांत नामांकित खेळाडूने केलेल्या या साध्या कृतीनंतर इतरांना दूर राहण्यास सबब उरली नाही. कार्लटनचा अडथळा ज्या खोलीत उभा राहिला होता, तशाच खोलीत तो येथे दूर झाला. तो क्लबच्या ठरावाने दूर झाला नाही, एका माणसाच्या वागण्याने झाला, हेही तितकेच खरे. त्यामुळे पुढच्या आदिवासी खेळाडूसाठी त्यातून कोणतीही हमी निर्माण झाली नाही.

१९३२ ते १९३७ या सहा हंगामांत निकोल्स फिट्झरॉयकडून ५४ सामने खेळले. १९३५ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या संघात त्यांची निवड झाली. हा मान मिळालेले ते पहिले आदिवासी खेळाडू होत. फिट्झरॉयला आल्याच्याच वर्षी नॉर्थकोटच्या चर्चमध्ये त्यांनी ख्रिस्ती श्रद्धेचा जाहीर स्वीकार केला होता. याच सुमारास वृद्ध विल्यम कूपर कमेरागंजा सोडून मेलबर्नच्या फुटस्क्रे भागात राहावयास आले. आदिवासींना संसदेत प्रतिनिधित्व मिळावे म्हणून राजे पाचवे जॉर्ज यांना धाडावयाच्या अर्जावर ते सह्या गोळा करीत होते. कूपर यांनी स्थापन केलेल्या 'ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिन्स लीग' या संघटनेत निकोल्स ओढले गेले. गोऱ्या शहरवासीयांना नावाने ठाऊक असलेला आदिवासी माणूस त्या संघटनेला दुसरा कोठून मिळणार होता? फुटबॉलने निकोल्स यांना पैसा बेताचाच दिला, परंतु ओळख दिली, व ती ओळख सभेच्या व्यासपीठावर उपयोगी पडली. २६ जानेवारी १९३८ रोजी, ब्रिटिश वसाहतीला दीडशे वर्षे पूर्ण झाल्याचा उत्सव सिडनीत चालू असताना, आदिवासींनी त्याच शहरात 'शोकदिन' पाळला. त्या परिषदेत निकोल्स यांचेही भाषण झाले.

त्याच वर्षी ते खेळण्यासाठी नॉर्थकोटला परतले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९३९ मध्ये त्यांना खेळ थांबवावा लागला. त्या वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यात कमेरागंजातील सुमारे दोनशे रहिवाशांनी व्यवस्थापकाच्या जाचाला कंटाळून वसाहत सोडली आणि मरे नदी ओलांडून ते व्हिक्टोरियाच्या तीरावर बार्मा येथे तळ ठोकून राहिले. मंडळाच्या हुकमतीबाहेर जाण्यासाठी त्यांना एवढीच नदी पार करावयाची होती. टोंगालाच्या संघाकडून खेळण्यासाठी निकोल्स यांनी बारा-तेरा वर्षांपूर्वी ओलांडली होती ती हीच नदी.